फिकट पट्टा

“मग मंगळवारी तुम्ही माझंच नाव सांगाल ना, सर?”

सर घंटेची दोरी ओढत होते.

सुधन्वा परचुरे देवळाच्या पायरीवर बसला होता. बुटांना चिखल लागला होता आणि चष्म्याच्या काचांवर धुकं साचत होतं. तो काचा पुसायचा, त्या पुन्हा धुरकट व्हायच्या. देशाच्या मध्यवर्ती बँकेत तो संशोधक अर्थतज्ज्ञ होता. येणारं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. आज घाट चढताना मात्र पुढचं पाऊल कुठे पडतंय हेसुद्धा त्याला दिसलं नव्हतं. घंटेच्या आवाजाच्या रोखाने तो सुखरूप वर आला होता, पण ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष मंगळवारकडे होतं.

सर म्हणजे डॉक्टर विश्राम केंजळे. बँकेच्या संशोधन विभागाचे जुने प्रमुख. आकड्यांकडे कसं बघायचं हे सुधन्वाला त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाले आणि या घाटमाथ्यावरच्या देवळात येऊन राहिले. देवळाचा म्हातारा गुरव वारला, तेव्हा घंटेची दोरी सरांनी हातात घेतली.

खालच्या कोकणातल्या वाड्यांमधून वरच्या बाजाराला येणारी माणसं याच पायवाटेने चढतात. देवळाच्या डाव्या अंगाला कडा आहे. धुकं उतरलं की वाट कुठली आणि कडा कुठला, काही कळत नाही. म्हणून धुकं असेपर्यंत घंटा वाजत राहते, आणि माणसं तिच्या रोखाने चालत येतात.

“ऐकलंत ना, सर?” सुधन्वाने पुन्हा विचारलं. “विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली आहे. नावं दोनच आहेत. एक माझं, एक कालिंदी लोखंडेचं. मंगळवारी निवड समितीची माणसं तुम्हाला भेटायला वर येतील. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत.”

“कालिंदी…” सर म्हणाले. “तीसुद्धा माझ्याच हाताखाली शिकली.”

“माहीत आहे. म्हणून तर आलो.”

एवढं तरी तो खरं बोलला.

“बरं. तुझी बाजू सांग.”

सुधन्वा सरसावून बसला. ही गोष्ट सांगायला त्याला नेहमीच आवडायचं.

“दोन वर्षांपूर्वी डाळी आणि तेल भडकणार, हे सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं, सर. मी ते अहवालात मांडलं.”

“कुठे मांडलंस?”

“पंख्यात.”

बँकेत अंदाज एका रेषेने काढत नाहीत. आजच्या दिवसापासून पुढे एक पंखा उघडल्यासारखा आलेख काढतात. त्याचा मधला पट्टा गडद असतो. बहुधा असं होईल, असा त्याचा अर्थ. मग दोन्ही बाजूंनी पट्टे फिकट होत जातात. अगदी बाहेरचा पट्टा इतका फिकट, की छापून आल्यावर तो कागदाचाच रंग वाटतो. त्या पट्ट्यात जे असतं ते खोटं नसतं. पण तिकडे सहसा कुणाची नजर जात नाही.

“पंख्यात कुठे?” सरांनी विचारलं.

“…बाहेरच्या पट्ट्यात. आणि मागे परिशिष्टात एक तळटीप होती.”

“आणि मग?”

“मग काय! अक्षरशः तसंच झालं. डाळ, तेल, सगळं. पेपरवाल्यांनी ती तळटीप शोधून काढली. माझा फोटो छापून आला. सगळ्या बँकेत हे एकट्या परचुरेला कळलं होतं, असं लिहिलं होतं.”

सरांनी दोरी ओढली. घंटेचा आवाज धुक्यात गेला आणि विरला.

“आणि कालिंदी?”

“तिचा अंदाज सपशेल चुकला,” सुधन्वा म्हणाला. आवाजातला आनंद लपवायचा त्याने प्रयत्न केला, पण ते काही त्याला जमलं नाही. “गेल्या वर्षी ती भर बैठकीत उभी राहिली. म्हणाली, घरांसाठी अशीच सढळ हाताने कर्जं वाटत राहिलात, तर वर्षभरात लोकांच्या घरांवर जप्त्या येतील. अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं तिने. वरिष्ठ दचकले. लगेच नियम आवळले. आणि झालं काय? काही नाही! वर्ष सरलं, जप्त्यांचं नाव नाही. बिल्डर लोकांनी तिच्या नावाने शंख केला. आमच्या कॅन्टीनमध्ये तिला आता जप्तीबाई म्हणतात.”

“तू म्हणतोस?”

सुधन्वाने चष्मा पुसला. “कधीतरी… सगळे म्हणतात म्हणून.”

सरांनी हाताला दोरीचा एक वेढा घेतला.

“म्हणजे तुझा अंदाज बरोबर आला आणि तिचा चुकला.”

“हेच तर मी म्हणतोय, सर!”

“ठीक आहे. मंगळवारी मी त्यांना तसंच सांगेन.” सरांनी दोरी ओढली. “सांगेन, ज्याचा अंदाज चुकला असेल त्याला खुर्ची द्या.”

सुधन्वाला आधी वाटलं, सर थट्टा करताहेत. त्याने हसण्यासाठी तोंडही उघडलं. पण सरांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

“सर… हा कुठला न्याय?”

उत्तराऐवजी धुक्यातून एक बाई आली. डोक्यावर रताळ्यांची पाटी, पदर कमरेला खोचलेला. देवळापाशी येऊन तिने श्वास घेतला आणि सरांकडे रागाने पाहिलं.

“बाबा, जरा दमानं वाजवा की! कान किटलं माजं पार.”

“बरं, बाई.”

“कवाधरनं आपलं ठाण ठाण… ” असं पुटपुटत ती बाजाराच्या वाटेला लागली. थोड्याच वेळात दिसेनाशी झाली.

सुधन्वाला सरांची कीव आली. एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका टिपणाने मंत्रालयं हलायची, तो इथे रताळेवालीची बोलणी खातोय.

“आभार तर नाहीतच, वर तक्रार!” तो म्हणाला.

“ती बाजारात पोचेल ना?”

“पोचेल की. न पोचायला काय झालं?”

“झालं तर मग,” सर म्हणाले.

सुधन्वा मुकाट बसणाऱ्यांतला नव्हता. वादात हरलेलं त्याला कधीच सोसायचं नाही. त्याने घंटेकडे पाहिलं, मग डावीकडच्या पांढऱ्या पोकळीकडे पाहिलं, आणि त्याला मुद्दा सापडला.

“सर, एक विचारू? या कड्यावरून आजवर किती माणसं पडली?”

“मी आल्यापासून एकही नाही.”

“मग घंटेमुळेच वाचली, हे कशावरून? कदाचित घंटा नसती तरी कुणी पडलं नसतं. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, तुलनेशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. घंटा नसताना काय होतं, तेही बघायला हवं.”

“बरोबर बोललास,” सर म्हणाले. “बघू या.”

आणि त्यांनी दोरी सोडली.

घंटा थोडी डुलली आणि थांबली. तो आवाज थांबल्यावरच सुधन्वाला कळलं, की तो आल्यापासून सतत कानावर पडत होता. आता लांबच्या झऱ्याच्या बारीक खळखळीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. सगळीकडे नुसता पांढरेपणा होता. सर हात मागे बांधून उभे राहिले.

मग खालून, धुक्यातून, कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज आला. दोघं-तिघं चढत असावेत. कुणीतरी हसलं. मग ते बोलणं थांबलं. मग एक आवाज म्हणाला, “आरं, कुनीकडं?”

सुधन्वा ताडकन उठला.

“सर… वाजवा.”

“का? तुलना करायची आहे ना?”

“सर, वाजवा ना!”

सरांनी दोरी हातात घेतली. घंटा वाजली. खालची माणसं पुन्हा बोलायला लागली आणि त्यांचे आवाज उजवीकडून, वाटेवरून, वर येत गेले. थोड्या वेळाने ती माणसं देवळासमोरून निघून गेली. त्यांच्यापैकी एकानेही देवळाकडे मान वळवली नाही.

सुधन्वा खाली बघत होता.

“यंदाचा अहवाल झाला?” सरांनी विचारलं.

“झाला. बुधवारी छापायला जाईल.”

“काय म्हणतो तुझा पंखा?”

“मधल्या पट्ट्यात सगळं शांत आहे. भाव स्थिर राहतील.”

“आणि बाहेरच्या?”

सुधन्वाने चष्मा काढला आणि पुन्हा काचा पुसायला लागला.

सर थांबून राहिले. सुधन्वा त्यांच्या हाताखाली होता, तेव्हाही ते असेच थांबायचे. कागदावरचं एखादं वाक्य डळमळीत असलं, की ते काही बोलायचे नाहीत. नुसतं त्या वाक्यावर बोट ठेवून बसायचे.

“पुन्हा तेच दिसतंय, सर,” तो शेवटी म्हणाला. “या वेळी दोन वर्षांपूर्वीपेक्षा वाईट. मी सगळं तीनतीनदा तपासलं. आत्ता हातपाय हलवले तर अजून वेळ आहे.”

“मग ते मधे का नाही?”

“चुकलं तर?” तो एकदम बोलून गेला. “पहिल्या ओळीत लिहायचं, भर बैठकीत उभं राहून सांगायचं, आणि वर्षाअखेरीला काहीच झालं नाही तर? माझं हसं होईल, सर. कॅन्टीनमध्ये माझंही नाव ठेवतील. खुर्ची तर गेलीच समजा. बाहेरच्या पट्ट्यात असलं म्हणजे… म्हणजे नाही झालं तर कुणी विचारत नाही. आणि झालं तर मी सांगितलेलं असतं.”

हे त्याने आजवर स्वतःशीसुद्धा इतकं उघड म्हटलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याचे कान तापले.

“आणि मागच्या वेळी?” सरांनी हळूच विचारलं. “झालं, तेव्हा कुणी काही विचारलं नाही तुला?”

सुधन्वाने बुटावरचा चिखल पायरीच्या कडेला खरवडला.

“एका बाईने विचारलं.”

“कोण?”

“आपल्या बँकेची माणसं घरोघर जाऊन विचारतात ना, पुढच्या वर्षी भाव किती वाढतील असं वाटतं? महागाई भडकल्यावर मी एकदा त्यांच्याबरोबर नांदेडला गेलो होतो. एका चाळीत इंदूबाई म्हणून होत्या. कामगारांना जेवणाचे डबे द्यायच्या. म्हणाल्या, डब्यातलं वरण बंद केलं. मग निम्म्या लोकांनी डबेच बंद केले.” तो थांबला. “सगळे प्रश्न संपले. आम्ही उठलो. तेव्हा त्या म्हणाल्या, साहेब, आता मी एक विचारू का? तुम्ही एवढ्या मोठ्या बँकेतले. तुम्हाला तरी हे आधी कळलं होतं का?”

“काय म्हणालास?”

“हो म्हणालो. अभिमानाने म्हणालो, सर. तळटीप होती म्हणालो.”

“मग?”

“काही नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला.”

हे त्याने घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. त्या चहाची त्याला अजून शरम वाटत होती. तेव्हापासून ती शरम त्याने पेपरातल्या फोटोखाली दाबून ठेवली होती.

सरांनी सांत्वन केलं नाही, की ते रागावलेही नाहीत. त्यांनी कोनाड्यातला तांब्या घेतला आणि भिंतीला टेकवलेली काठी उचलली.

“पाणी घेऊन येतो. झरा कड्याच्या अंगाला आहे.” त्यांनी दोरी सुधन्वाच्या हातात दिली. “तोवर तू वाजव.”

“या धुक्यात? सर, मी जातो.”

“तुला वाट माहीत नाही. झऱ्यापर्यंत दगडी फरसबंदी आहे. काठी दगडावर वाजते तोवर वाट. वाजायची थांबली, की गवत लागलं. गवतापुढे काही नाही.”

आणि ते पायऱ्या उतरून गेले. पाठमोरे सर आधी करडे दिसले, मग पांढरे, मग दिसलेच नाहीत.

सुधन्वाने दोरी ओढली. कुणाला त्रास होणार नाही, इतपतच. घंटा नाजूकपणे वाजली. हा आवाज फार लांब जाणार नाही हे त्याला कळत होतं. पण जोरात वाजवायचा त्याला उगीचच संकोच वाटला. रिकाम्या सभागृहात मोठ्याने बोलावं तसा.

दोन टोलांच्या मधे काठी ऐकू यायची. टक… टक… टक…

ती दूर जात होती. सरळ गेली, मग डावीकडे वळली.

झरा डावीकडेच असणार, त्याने स्वतःला समजावलं. सर रोज जातात. त्यांच्या पायाखालची वाट आहे.

टक… टक…

मग काहीच नाही.

त्याचा हात दोरीवर थांबला. त्याने कान दिले. काठी वाजत नव्हती. झऱ्याशी पोचले असतील. पाणी भरायला वाकले असतील. बहुधा तसंच असेल. हे अगदी मधल्या पट्ट्यातलं उत्तर होतं, आणि त्याला स्वतःलाच ते ओळखू आलं.

पण पाण्याचा आवाज अजून पुढून येत होता. काठी थांबली होती त्याच्याही पलीकडून.

“सर…?” तो म्हणाला. ते त्याच्या स्वतःच्याच कानापर्यंत जेमतेम पोचलं.

आत्ता बोंब मारली आणि सर नुसते दम खायला थांबलेले असले तर? परत येऊन ते काय म्हणतील? एवढा मोठा बाप्या आणि धुक्याला घाबरतो, असंच ना? आणि मंगळवारी…

मंगळवार मनात आला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

“सर!” तो ओरडला. “थांबा! पुढे जाऊ नका, सर! गवत आहे! पुढे कडा आहे, थांबा!”

त्याने दोन्ही हातांनी दोरी ओढली. अंगातलं सगळं बळ लावून ओढली. घंटा वेड्यासारखी ठणठणली. देवळाच्या वळचणीतली पाखरं फडफडून उडाली. तो ओढत राहिला आणि ओरडत राहिला, घसा फाटेपर्यंत. चष्मा नाकावरून घसरून पायरीवर पडला, त्याचं त्याला भान नव्हतं. सरांना काही झालं तर या जगात त्याला कुणीच उरणार नाही असं त्याला वाटलं, आणि तो रडायला लागला. रडत रडत तो घंटा वाजवत राहिला.

धुक्यात काही हललं नाही…

मग, फार वेळाने, टक झालं.

टक… टक… टक…

सर गेले तसेच परत आले. आधी पांढरे, मग करडे, मग नेहमीचे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या. तांब्या रिकामा होता.

ते सावकाश पायऱ्या चढले आणि वरच्या पायरीवर बसले. सुधन्वाचे हात अजून दोरीवरच होते. चष्म्याशिवाय त्याला नीट दिसत नव्हतं, तरी सरांचे पाय त्याला दिसले. अनवाणी, ओले. तळव्यांपासून घोट्यांपर्यंत गवताच्या काड्या चिकटल्या होत्या.

त्याने दोरी सोडली.

“सर… तुम्ही… गवतावर…” तो सरांच्या शेजारी बसला. “तुम्ही पडला असतात!”

“म्हणजे मी पडणार, असं तुला वाटलं.”

“वाटलं म्हणजे? पक्कं वाटलं! म्हणून तर एवढा ओरडलो!”

“ऐकू आलं. खालच्या वाडीतही ऐकू गेलं असेल.” सरांनी पायांवरची एक काडी काढून बाजूला ठेवली. “आणि मी पडलो का?”

“…नाही.”

सरांनी पायरीवरचा चष्मा उचलला, आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवला. त्यांचा हात थोडा वेळ त्याच्या ओल्या गालावर राहिला.

“मग चुकला की रे तुझा अंदाज,” ते म्हणाले.